लाल ओळीच्या वर

"ताई, साइट फेल झाली ना!" असा फोन आला की मी आधी एवढंच सांगते, साइट उघडून बघ. ती चालूच असते. काल होती तशी, कालच्या भावासकट, कालच्या फोटोंसकट. फेल झालेला असतो तो बिल्ड, म्हणजे नवी साइट तयार करण्याचं काम. हे कळलं की समोरच्याचा आवाज जरा खाली येतो आणि मग नीट बोलता येतं.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहते. इथली शेतकरी उत्पादक कंपनी, आसपासच्या शाळा, बचत गट यांच्या छोट्या वेबसाइट आमच्याच भागातली कॉलेजातली पोरं-पोरी चालवतात. ते काम मी त्यांना शिकवते. साइट सगळ्या स्टॅटिक, म्हणजे पानं आधीच तयार करून ठेवलेली. मजकूर साध्या मार्कडाउन फायलींत लिहायचा, ह्यूगोसारखा जनरेटर त्याची पानं तयार करतो आणि सगळं सामान गिटहबवर, म्हणजे फायली आणि त्यांतले बदल जपणाऱ्या वेबसाइटवर, राहतं. सर्व्हरचं भाडं नाही, डेटाबेसची कटकट नाही. पान इतकं हलकं होतं की वावरात उभं राहून, जेमतेम रेंजवरही उघडतं. आमच्या लोकांसाठी मला याहून चांगली व्यवस्था दिसत नाही आणि म्हणूनच ती मधेच अडली की पोरांनी घाबरून सोडून देऊ नये असं मला फार वाटतं.

गिटहबने पेजेस ही साइट ठेवायची सोय २००८ मध्ये आणली. नंतर नेटलिफाय, व्हर्सेल, क्लाउडफ्लेअर पेजेस असे बरेच आले. आतलं काम सगळीकडे साधारण सारखंच चालतं. तुम्ही फाईल बदलून पुश केली, म्हणजे वर पाठवली, की होस्टिंगवाल्याकडे एक कोरं लिनक्स मशीन काही मिनिटांपुरतं उभं राहतं. ते तुमचा रेपो (साइटच्या सगळ्या फायलींचा साठा) उतरवून घेतं, लागणारी पॅकेजेस (इतरांनी लिहिलेले तयार कोडचे तुकडे) बसवतं, बिल्डची कमांड चालवतं, तयार झालेलं फोल्डर उचलून सर्व्हरवर ठेवतं आणि पुसलं जातं. यात कुठेही अडलं तर शेवटचं पाऊल पडतच नाही. नवी साइट पूर्ण उभी राहिली तरच ती जुनीची जागा घेते. ज्यांनी एफटीपीने एकेक फाईल चढवली आहे त्यांना याचं मोल कळेल. अर्ध्या फायली गेल्या आणि लाईन गेली, की लाईन परत येईपर्यंत लोकांना अर्धी जुनी, अर्धी नवी साइट दिसायची.

तर बिल्ड फेल झाला, डॅशबोर्डवर लाल अक्षरं आली. त्यावर टिचकी मारली की लॉग उघडतो. त्या मशीनने काय काय केलं याची ओळीनं ओळ नोंद. पोरं थेट तळाला जातात, कारण तिथे लाल रंग असतो. तिथे बहुतेक वेळा एक्झिट कोड लिहिलेला असतो. शून्य म्हणजे काम झालं, दुसरा कुठलाही आकडा म्हणजे नाही झालं. काही आकडे कामाचे असतात. १२७ म्हणजे सांगितलेली कमांड त्या मशीनवर सापडलीच नाही. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, आणि ९ हा लिनक्समध्ये प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद करण्याचा सिग्नल. म्हणजे बहुतेक करून मेमरी संपली. मोबाईलने काढलेले शंभरेक फोटो तसेच्या तसे टाकून बिल्डमध्येच त्यांचे लहान आकार करायला सांगितले की असं होऊ शकतं. पण नुसता १ आला असेल, आणि बहुतेकदा १ च येतो, तर त्यातून काही म्हणजे काही कळत नाही.

कारण वर असतं. लाल ओळीपासून वर सरकत जायचं आणि जिथे पहिला एरर आला तिथे थांबायचं. खालचे चार-पाच एरर त्या पहिल्याचीच पोरंबाळं असतात.

बाजारभावाचं पान भरणारी एक बारावीतली मुलगी आहे. ती सगळं मोबाईलवरून करते, गिटहबवर जाऊन फाईल तिथेच बदलते. तिचा फोन आला. "मी काहीच नाही केलं ताई, फक्त आजचा भाव टाकला. तवापासून फेलच दाखवून राहिलं." मी म्हटलं, वर जा आणि तुझ्या फाईलचं नाव कुठे दिसतं ते वाच. तिने वाचलं. त्या ओळीत लिहिलं होतं, डेट फ्रंट मॅटर फील्ड इज नॉट अ पार्सेबल डेट, आणि त्यापुढे फाईलचा पूर्ण पत्ता. फ्रंट मॅटर म्हणजे फाईलच्या डोक्यावर लिहिलेली शीर्षक, तारीख अशी माहिती. म्हणजे मशीनने फाईल सांगितली, त्यातला रकानाही सांगितला आणि काय बिनसलं तेही सांगितलं. तिथली तारीख वाचायला सांगितली तर तिला ती बरोबरच दिसत होती. वर्ष, महिना, दिवस, मधल्या रेघा, सगळं जागच्या जागी. फक्त कीबोर्ड मराठी होता आणि आकडे देवनागरी उमटले होते. माणसाला २०२४ कोणत्याही लिपीत २०२४ च. ह्यूगोला मात्र तारखेच्या रकान्यात इंग्रजी अंकच लागतात. आमच्या भागात हा एरर सारखा येतो. लोक मराठीत लिहितात म्हणूनच तो येतो, त्यामुळे त्याचा मला कधी राग येत नाही.

त्याच्याच शेजारचा दुसरा एरर म्हणजे शीर्षकात विसर्गचिन्हासारखा दिसणारा अपूर्णविराम. "सोयाबीन: आजची आवक" असं शीर्षक अवतरणचिन्हांशिवाय लिहिलं की यामल (फ्रंट मॅटर लिहायची पद्धत) गोंधळतं, कारण त्याच्या लेखी ते चिन्ह म्हणजे 'डावीकडे नाव, उजवीकडे किंमत'. अवतरणचिन्हं घातली तरी ती व्हॉट्सअॅपवरून किंवा वर्डमधून उचललेली वळणदार असतील तर उपयोग नाही, सरळ उभीच लागतात. आणि ओळ आत सरकवायला टॅब चालत नाही, मोकळ्या जागाच द्याव्या लागतात. हे एकदा भिंतीवर लिहून ठेवलं की पुरतं.

मला जास्त बोलायचं आहे ते त्या 'रिट्राय' बटनाबद्दल.

लॉग न वाचता पोरं ते बटन दाबत राहतात. "बटन दाबून राहिलो ना तवापासून, होऊनच नाही राहिलं." कधी कधी ते चालतंही. पॅकेज उतरवताना पलीकडचं नेटवर्क क्षणभर तुटलं असेल, तर पुन्हा दाबून काम होतं. जुना कॅशे (आधीच्या बिल्डमधून जपून ठेवलेलं सामान) बिघडवत असेल तर कॅशे साफ करून दाबावंच लागतं. पण देवनागरी तारीख कितीही वेळा दाबली तरी देवनागरीच राहणार. पोरं हुशार आहेत, आळशी तर मुळीच नाहीत, मग समोर लिहिलेलं कारण का वाचत नाहीत? इंग्रजीची भीती हे एक उत्तर झालं, पण मला ते पुरेसं वाटत नाही. याच पोरांनी इंग्रजी मेनूचे मोबाईल दोन दिवसांत पाठ केलेत.

माझ्या मते, अडलेल्या कामाचं कारण मिळू शकतं यावर त्यांचा विश्वासच नाही. तो बसावा असं त्यांनी घरात काही पाहिलेलंही नाही. माझ्या सासऱ्यांनी ठिबकच्या अनुदानासाठी अर्ज केला होता. स्थिती बघायला गेलं की एकच वाक्य, 'त्रुटी आढळल्याने अर्ज रद्द'. कोणती त्रुटी, कुठल्या कागदात, ती दुरुस्त होते की नाही, एक शब्द नाही. पुन्हा भरला, पुन्हा तेच. रिट्राय, रिट्राय. शेवटी ओळखीच्या एकाने सांगितलं म्हणून कळलं की सातबाऱ्यावर नावापुढे 'राव' आहे आणि आधारवर नाही. एवढंच होतं. हे पहिल्याच दिवशी एका ओळीत लिहिता आलं असतं आणि एक हंगाम वाचला असता. विम्याचा दावा नाकारला, पेरणी अनुदानाची यादी लागली त्यात नाव नाही, शिष्यवृत्ती अडकली, गावात कोणालाही विचारा, कारण कोणाला लेखी मिळालेलं नसतं. लहानपणापासून हे बघितलेलं पोरगं लाल अक्षरं दिसल्यावर काय करणार? बटन दाबणार, नाहीतर ओळखीचा माणूस शोधणार. मला येणारा फोन हा त्या ओळखीच्या माणसाला केलेला फोन असतो.

कायदा तर कारण देण्याच्याच बाजूचा आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ म्हटलं की लोकांना अर्ज आणि अपील आठवतं. पण त्याच्या कलम ४(१)(घ) मध्ये, आपल्या प्रशासकीय निर्णयांची कारणं ज्यांच्यावर त्यांचा परिणाम होतो त्या व्यक्तींना द्यावीत, असं सार्वजनिक प्राधिकरणांना सांगितलेलं आहे. कोणी मागितली तर, असंही नाही. आपणहून. हे कलम मी वर्गात मोठ्याने वाचून दाखवते आणि मग शेजारी बिल्डचा लॉग उघडते. कुठल्याशा देशातलं, आपली ओळखदेख नसलेलं, फुकट मिळालेलं एक मशीन तुमच्या कामाला नाही म्हणालं आणि का नाही म्हणालं ते त्याने फाईल आणि ओळ क्रमांकासह लिहून दिलं. ते वाचायचं. ते आपल्यासाठीच लिहिलेलं आहे. हे मी अगदी मनापासून सांगते, कारण एकदा ही सवय लागलेलं पोरगं खिडकीवरच्या साहेबालाही "कोणती त्रुटी?" असं विचारतं. विचारताना मी पाहिलंय.

इंग्रजीचं म्हणाल तर लॉग वाचायला फार इंग्रजी लागत नाही. आधी आपल्या फाईलचं नाव शोधायचं, कारण बाकीची हजार नावं आपली नसतातच. मग नावापुढचा ओळीचा आकडा. मग 'नॉट फाउंड', 'मिसिंग', 'अनएक्स्पेक्टेड', 'डिनाइड' असले पाच-सात शब्द. एवढ्यावर निम्म्याहून जास्त लॉग उलगडतात.

काही लॉग मात्र असे येतात की वाचणाऱ्याला वाटावं मशीन खोटं बोलतंय. त्यातला एक मला फार आवडतो.

कंपनीच्या साइटवर 'शेतकऱ्यांसाठी' नावाचं पान होतं, फाईलचं नावही तेच, मराठीत. दुसऱ्या एका पानावरून त्याला दुवा दिला आणि बिल्ड पडला. लॉग म्हणत होता, रेफ नॉट फाउंड, त्यापुढे 'शेतकऱ्यांसाठी', त्यापुढे ओळ आणि स्तंभ, आणि शेवटी पेज नॉट फाउंड. पोरं चक्रावली. "ताई, फाईल तर दिसून राहिली ना डोळ्यासमोर!" खरंच दिसत होती. नाव अक्षर न् अक्षर तेच. एकाने दुव्यातलं नाव खोडून पुन्हा टाइप केलं, तरी तेच.

गोम होती त्या शब्दाच्या मधल्या 'ऱ्या'त. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, आपला 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आहे, क्रमांक ०९३१. पण साध्या 'र'ला खाली नुक्ता जोडूनही तोच 'ऱ' तयार होतो. आणि तिसरी रीत म्हणजे 'र', हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं एक जोडचिन्ह, झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर तिन्हींचा आकार एकच, तोच पापणीसारखा वाकलेला रफार. कुठला कीबोर्ड काय उमटवेल ते बनवणाऱ्यावर. फाईल संगणकावर तयार झाली होती, दुवा मोबाईलवर टाइप झाला होता. मी पोरांना दोन्ही नावांचे बाइट मोजायला लावले. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे ते क्रमांक साठवायच्या नेहमीच्या रीतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. फाईलच्या नावात १३ चिन्हं, म्हणजे ३९ बाइट. दुव्यातल्या नावात ४२. तीन बाइट जास्त, म्हणजे न दिसणारं एक चिन्ह कुठेतरी बसलं आहे. ते कळल्यावर खोलीत जो गलका झाला तो ऐकण्यासारखा होता. मशीन खोटं बोलत नव्हतं, त्याला ती दोन वेगळी नावं दिसत होती आणि ती वेगळीच होती.

युनिकोडच्या नॉर्मलायझेशनने (वेगळं लिहिलेलं एकसारखं करण्याच्या नियमांनी) पहिल्या दोन रीती एक होतात, जॉइनरवाली तिसरी तशीच राहते. तिच्यासाठी वेगळी शोध-बदल करावी लागते. आम्ही शेवटी फायलींची नावं रोमन लिपीत ठेवायची आणि शीर्षकं मराठीत, असा नियम केला. मला तो मनापासून पटलेला नाही. मराठी फाईलनाव हा काही गुन्हा नाही. पण पत्त्यात ते नाव जातं तेव्हा प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात, आणि १३ चिन्हांचं 'शेतकऱ्यांसाठी' व्हॉट्सअॅपवर ११७ अक्षरांची टक्केचिन्हांची माळ होऊन उतरतं. असा दुवा बघून लोक फसवणूक समजून उघडतच नाहीत. नाइलाज झाला.

बाकीचे नेहमीचे एरर भराभर सांगते. विंडोजवर फाईलनावातलं लहान-मोठं अक्षर एकच धरलं जातं, बिल्डच्या लिनक्सवर नाही. कॅमेऱ्याने मोठ्या लिपीत जेपीजी लिहिलं आणि कोडात लहान लिपीत मागितलं की घरी चालतं आणि तिकडे पडतं. ह्यूगोची थीम गिटमधून थेट थीम्सच्या फोल्डरात क्लोन केली पण सबमॉड्यूल (रेपोच्या आतला दुसरा रेपो) म्हणून नोंदवली नाही, की सबमॉड्यूलची यूआरएल सापडत नाही म्हणून बिल्ड पहिल्याच पायरीला थांबतो. तयार साइट कुठल्या फोल्डरात पडते तेही सांगावं लागतं. ह्यूगोचं पब्लिक, आणि तसल्याच दुसऱ्या साधनांपैकी जेकिलचं अंडरस्कोर साइट, व्हीटचं डिस्ट. ते चुकलं तर बिल्ड व्यवस्थित होऊनही वर ठेवायला काही सापडत नाही. शाळेच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ रेपोत टाकू नये. गिटहब १०० एमबीच्या वरची फाईल घेतच नाही, आणि क्लाउडफ्लेअर पेजेसवर एका फाईलची मर्यादा २५ एमबीच्या आसपास आहे.

"काहीच बदललं नाही तरी फेल झाला" ही तक्रार वेगळी, आणि ती हसण्यावारी नेऊ नये. तुमच्याकडे काही बदललेलं नसतं, खालची जमीन सरकलेली असते. २०२१ च्या ऑक्टोबरात नोडची (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) १७ वी आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर ओपनएसएसएल ३ ही कूटलेखनाची लायब्ररी. वेबपॅक या कोड एकत्र बांधणाऱ्या साधनाच्या जुन्या आवृत्त्या एमडी४ नावाचा जुना हॅश (मजकुराचा छोटा ठसा काढायची रीत) वापरत होत्या, तो नव्यात बंद. ज्यांनी नोडची आवृत्ती बांधून ठेवली नव्हती त्यांचे बिल्ड 'डिजिटल एन्व्हलप रूटीन्स, अनसपोर्टेड' असं म्हणत पडले. त्याआधी २०१६ च्या मार्चमध्ये लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या नोडच्या पॅकेजांच्या कोठारावरून काढून घेतलं आणि जगभरचे बिल्ड कोसळले, कारण मोठमोठी पॅकेजेस त्या ११ ओळींवर उभी होती. काही तासांत ते परत आणलं गेलं. त्यानंतर २०१७ मध्ये एनपीएमने पॅकेज-लॉक ही फाईल आणली. तिच्यात प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती लिहिलेली असते, आणि एनपीएम सीआय ही कमांड तिच्याबाहेर काही बसवत नाही. ती फाईल मोठी, कुरूप दिसते म्हणून पोरं उडवून टाकतात. उडवू नका, नोडची आवृत्तीही लिहून ठेवा.

अशा वेळी मी दोन लॉग शेजारी शेजारी उघडायला सांगते, शेवटचा हिरवा आणि पहिला लाल, आणि वरून खाली ताडून बघायला लावते. ही पद्धत आमच्या पोरांना नवी नाही. मोटर बंद पडली तर कोणी थेट विहिरीतून पंप ओढायला जात नाही. आधी लाईन आहे का बघतात, मग तिन्ही फेज येताहेत का, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल, आणि हे सगळं ठीक निघालं तरच दोर आणि माणसं जमवतात. नववीतलं पोरगंही हा क्रम जाणतं. त्याच क्रमाने लॉग वाचायचा, रेपो उतरला का, पॅकेजेस बसली का, कमांड चालली का, फोल्डर सापडलं का.

आता लोक लॉग एआयला देतात. द्यावा, उत्तरं बरी येतात. फक्त पूर्ण लॉग द्यावा. लाल ओळीचा स्क्रीनशॉट दिला तर एक्झिट कोड १ वरून ते तरी काय ओळखणार, मग ते सगळी पॅकेजेस उडवून पुन्हा बसवायला सांगतं आणि दुखणं तारखेतच राहतं.

लाल बिल्डपेक्षा मला हिरवा बिल्ड जास्त वेळ छळून गेला आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्राने हमीभावाच्या खरेदीसाठी सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा १२ टक्क्यांवरून १५ वर नेली. त्या वर्षी हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये आणि बाहेर बाजारात दर त्याच्या बराच खाली. ओला माल म्हणून परत पाठवलेल्या लोकांसाठी ही बातमी मोठी होती. कंपनीच्या पोराने सकाळी आठला पान लिहिलं, पुश केलं, बिल्ड हिरवा. आणि साइटवर पान नाही. लाल ओळ नाही, एरर नाही, वर सरकून वाचायला काही नाही. पानाच्या तारखेत आठ वाजल्याची वेळ होती, पण ती कुठल्या देशाची हे लिहिलेलं नव्हतं. ह्यूगोने ती जागतिक वेळ धरली. आपण तिच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे त्याच्या लेखी ते पान दुपारी दीडचं, अजून यायचं आहे. भविष्यातली पानं तो मुकाट्याने वगळतो. आणि साइट स्टॅटिक असल्यामुळे दीड वाजून गेले तरी पान आपोआप उगवत नाही, पुढचा बिल्ड होईपर्यंत नाहीच. तोवर लोक जुनाच नियम वाचत होते. ह्यूगोच्या सेटिंगमध्ये टाइमझोन एशिया/कोलकाता लिहिला की हा प्रश्न मिटतो. पण त्या दिवसानंतर न बोलता काम वगळणाऱ्या हिरव्या खुणेवर माझा विश्वास राहिला नाही.

म्हणून आम्ही बिल्डच्या आधी चालणारी एक छोटी तपासणी लिहिली. ती सगळ्या फायली बघते आणि मराठीत सांगते. 'भाव फोल्डरातली अमुक फाईल, ओळ ३: तारखेत मराठी अंक आहेत, इंग्रजी करा.' 'अमुक फाईल: तारीख आत्ताच्या पुढची आहे, पान दिसणार नाही.' 'दुव्यात न दिसणारं चिन्ह आहे, नाव पुन्हा टाइप करा.' वाक्यं पोरांनीच लिहिली. भाव भरणाऱ्या त्या मुलीचा एक आग्रह होता, की प्रत्येक निरोपात नुसती चूक नको, पुढे काय करायचं तेही हवं. तिचं बरोबर होतं, आणि बाहेरच्या बऱ्याच लॉगांमध्ये ते नसतं.

तिनेच मग कंपनीच्या बैठकीत विचारलं, काट्यावर माल परत करता तेव्हा पावतीवर काय लिहिता? नुसतं 'नापास' लिहीत होते. संचालकांपैकी एक काका म्हणाले, "कारण लिहिलं तर लोक भांडतीन ना बाई." ती म्हणाली, "आकडा लिहा काका. मग आकड्यावर भांडतीन." बरीच वादावादी झाली. शेवटी पावतीवर तीन रकाने आले, मोजलेला ओलावा, मर्यादा, आणि काय करून आणायचं. पहिल्याच आठवड्यात एकाने १६.४ लिहिलेली पावती घेऊन दुसऱ्या केंद्रावर माल मोजला, तिथे कमी भरला, आणि तो दोन्ही पावत्या घेऊन परत आला. काका म्हणाले होते तसं भांडण झालंच. कंपनीने आपला ओलावा मोजायचा मीटर तपासणीला पाठवला आहे. तोवर उसन्या मीटरवर प्रत्येक नमुना दोनदा मोजतात आणि दोन्ही आकडे पावतीवर लिहितात.